विषम तारखेचा लहाना

सातही कॉम्प्युटरच्या पडद्यांवरून ते निळं अक्षर गायब झालेलं दिसलं की समजायचं, आज तारीख विषम आहे. कॅलेंडर पाहायची गरज नसे.

आर्वीच्या बाजारात एका कापडदुकानाच्या माडीवर सरांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. खाली साड्या, वर कॉम्प्युटर. लाकडी जिना चढून गेलं की समोर काळा फळा, आणि त्यावर रोज सकाळी नऊ वाजता सर स्वतः खडूनं दोन ओळी लिहायचे. पहिल्या ओळीत तारीख. दुसरीत ‘आज मोठा’ किंवा ‘आज लहाना’. सम तारखेला मोठा, विषम तारखेला लहाना.

मोठा म्हणजे जगातली ती सगळ्यात मोठी सॉफ्टवेअर कंपनी. तिच्यावाचून आमचे कॉम्प्युटर सुरूच होत नसत, आणि इंटरनेट पाहायचा तिचा ब्राउझर प्रत्येक मशीनवर न मागता, फुकट येऊन बसलेला असे. निळं अक्षर त्याचंच. लहाना म्हणजे त्या ब्राउझरशी टक्कर घेणारा दुसरा. तो मुद्दाम आणून घालावा लागे. सरांनी दोघांचीही खरी नावं कधी घेतली नाहीत. भावकीतल्या भांडणाबद्दल बोलावं तसं ते बोलायचे. मोठ्यानं असं केलं, लहान्यानं तसं केलं. नवीन आलेल्या मुलाला वाटे, सरांच्या घरी वाटणीचा दावा चालू असावा.

विषम तारखेला सर सकाळीच सातही मशीनवरून निळं अक्षर काढून टाकत. मग दुपारी कोणीतरी हमखास यायचं.

“सर, ते निळं नाई दिसून राह्यलं.”

“आज एकवीस तारीख हाये. निळं उद्या.”

“बाप्पा! सुतक हाय का निळ्याले?”

“सुतक नाई, पाळी हाये. आज लहान्याची पाळी.”

“पन सर, मले त्याचीच सवय हाये ना.”

“म्हनूनच,” सर म्हणायचे, आणि त्याला खुर्चीवर बसवायचे.

मी पहिल्यांदा तो जिना चढले ती दहावीच्या सुट्टीत. नव्वदचं दशक संपत आलं होतं. वडिलांची बँकेतून आर्वीला बदली झालेली, मी वर्ध्याच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. चार वाक्यं सलग बोलायची वेळ आली की मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठायचे. सरांनी माझा फॉर्म वाचला, शाळेचं नाव वाचलं आणि तेव्हापासून मला ‘मॅडम’ म्हणायला लागले. मी पंधरा वर्षांची होते आणि ते पन्नाशीच्या जवळ. ती थट्टा आहे की आदर आहे, हे मला बरेच दिवस कळलं नाही. पुढे बी.एस्सी. झाल्यावर मी तिथेच शिकवायला लागले आणि खरंच मॅडम झाले, तेव्हा त्यांच्या बोलण्यात काहीच बदल करावा लागला नाही.

सर उंच होते आणि किंचित वाकून चालायचे. बंडीच्या खिशात नेहमी कापसाचं एखादं फुटलेलं बोंड असे. विचार करताना ते त्यातला चिमूटभर कापूस काढायचे आणि दोन अंगठ्यांच्या मध्ये धरून हळूहळू ओढायचे. तंतू किती लांब निघतो ते उजेडाकडे धरून बघायचे, पुन्हा जुळवायचे, पुन्हा ओढायचे. एखाद्या मुलाला प्रिंटर का अडकला हे समजावतानासुद्धा त्यांचे अंगठे चालूच. तसाही आर्वीत हंगामाच्या दिवसांत कापूस सगळीकडे असतो. माऊस उघडला की आतल्या गोळीला कापसाचं जानवं गुंडाळलेलं निघायचं. पण सरांचा कापूस बाराही महिने असे.

त्यांचं सगळं जोडीनं चालायचं. चहा दोन टपऱ्यांवरून, एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. पहिल्याचा चहा पाणचट होता हे सगळ्यांना ठाऊक, त्यांनाही. वर्तमानपत्रं दोन. दाढी एका न्हाव्याकडे, केस दुसऱ्याकडे. एकदा दाढी करणारा न्हावी लग्नाला गेला होता, तर सर चार दिवस खुंट वाढवून फिरले, पण दुसऱ्याच्या खुर्चीत दाढीसाठी बसले नाहीत. मी एकदा धीर करून काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, विचारलं की घरीही असंच असतं का. काकू पोह्यांत शेंगदाणे टाकत होत्या. म्हणाल्या, “दोन गॅस एजन्स्या नाईत गावात, नाई तर दोन शेगड्या झाल्या असत्या. नशीब माहं, बायकोच्या बाबतीत तेवढा एकाधिकार चालला यायले.”

एकाधिकार. हा शब्द मी आर्वीत येईपर्यंत ऐकला नव्हता. माझ्या शाळेत मोनोपॉली हा एक खेळ होता, सुट्टीत पलंगावर बसून खेळायचा. आर्वीत मात्र भाजीवालीसुद्धा एकाधिकार म्हणायची, कारण कापूस सरकारनंच खरेदी करायचा, दुसऱ्या कोणी नाही, अशी व्यवस्था तिथं वर्षानुवर्षं चालली होती. सरांच्या तोंडात तो शब्द दिवसातून दहा वेळा यायचा. “एक दुकान असलं का भाव नसते, मॅडम. हुकूम असते.” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. विद्यार्थी त्याची नक्कल करायचे, अंगठ्यांसकट.

मला कुतूहल होतं ते वेगळ्याच गोष्टीचं. समुद्रापलीकडच्या दोन कंपन्या. त्यांना आर्वी माहीत नाही. आमचे सात कॉम्प्युटर कोणत्या तारखेला काय वापरतात यानं त्यांच्या अंगावरचा केसही हलणार नाही. मग हा माणूस रोज सकाळी हातात खडू घेऊन ही लढाई का लढतो? नुसता विक्षिप्त म्हणून सोडून द्यावं, तर हिशेबात ते चोख होते. एकदा मीच त्यांना म्हटलं की एकतीस तारखेनंतर एक तारीख येते, म्हणजे लहान्याला लागोपाठ दोन दिवस मिळतात. हा अन्याय नाही का? मला वाटलं, ते चपापतील. ते खूश झाले. मी स्वतःहून केलेला तो पहिला प्रश्न असावा.

“वर्षात सात दिवस जास्त भेटते लहान्याले,” ते म्हणाले. “मोजून ठेवलं हाये म्या. दुबळ्याले थोडं झुकतं माप द्याव लागते, मॅडम. काटा तेव्हाच बरोबर येते.”

आणि तरी तो पहिला लहाना हरलाच. मोठ्यानं आपला ब्राउझर प्रत्येक कॉम्प्युटरबरोबर फुकट वाटला, लोकांनी दुसरा आणायचे कष्ट सोडले, आणि काही वर्षांत लहान्याचं दुकान बसलं. बातमी आली त्या दिवशी सरांनी लहान्याची सीडी खिळ्याला टांगली आणि तिला हार घातला. शेवंतीचा, ताजा. विषम तारखा मात्र चालूच राहिल्या. त्या दिवशी मुलं मेलेला ब्राउझर वापरायची. अर्धी पानं वाकडी दिसायची, चित्रं एकावर एक चढायची, आणि सर म्हणायचे, “म्हाताऱ्याले जरा सांभाळून घ्या.”

मग एका दिवाळीच्या सुमारास ते पेढ्यांचा पुडा घेऊन जिना चढले. धापा टाकत होते. खालच्या कापडदुकानदारानं विचारलं, “नातू झाला का जी सर?”

“नाई नाई. लहाना परत आला.”

जुन्या लहान्याच्या उरलेल्या सांगाड्यावर काही लोकांनी मिळून नवा ब्राउझर उभा केला होता, तो त्या आठवड्यात बाहेर पडला होता. दुकानदारानं पेढा तोंडात टाकला आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी खाली पाहिलं. पण मलाही बरं वाटलं होतं. सीडीवरचा वाळलेला हार सरांनी स्वतः उतरवला.

त्यांच्या कापसाची गोष्ट मला एका दुपारी कळली, भारनियमनात. वीज गेली की सेंटरमध्ये दुसरं काही करण्यासारखं नसे. मुलं घरी पळायची, सर खिडकीत बसायचे, मी रजिस्टरवर रेघा मारायचे. त्या दिवशी ते आपणहून बोलायला लागले.

त्यांच्या वडिलांची आर्वीत कापसाची अडत होती. गाद्या, तक्के, मोठा काटा, बैलगाड्यांची रांग. सर विशीत असताना एकाधिकार आला. खासगी खरेदी बंद. “बाबा तरी रोज सकाळी जाऊन बसत. गादी झटकत. काटा पुसत. पारडी लखलख करत. कोनीच येत नसे. सहा महिने पुसला त्यायनं तो काटा.”

“मग?”

“मग काय. किराना टाकला.”

मला वाटलं, गोष्ट संपली. वडिलांवर अन्याय झाला म्हणून मुलगा आयुष्यभर एकाधिकाराशी भांडतोय. नीटनेटकी गोष्ट होती. पण सरांनी कापूस ओढला, बघितला आणि म्हणाले, “पन एक सांगू का? आमीच आनला तो.”

“कोणी?”

“आमी अडत्यायनं. रुमालाखाली हात घालून बोटं दाबून भाव ठरे तेव्हा. बाहेरून पाह्यलं तर दहा दुकानं. रुमालाखाली समदे एक. शेतकऱ्याले वाटलं, दहा चोरायपेक्षा एक सरकार बरं. चूक नव्हतं त्यायचं.” मग थोड्या वेळानं, “लहाना काई देव नाई, मॅडम. उद्या मोठा झाला का तोही तेच करन. म्हनून तर दोघं पाह्यजे.”

मी रेघा मारायची थांबले होते. एखाद्या माणसाला आपण ओळखतो असं वाटतं तेव्हा तो रुमालाखालून आणखी एक बोट काढतो.

आता रजनीचं सांगायला हवं. ते सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत, आणि मीही.

रजनी उईके आर्वीजवळच्या रोहण्याची. वडील वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला. बारावीला शास्त्र शाखा घेऊन गावातल्या मुलींत सगळ्यांत जास्त गुण मिळवलेली, आणि इंजिनिअरिंगला जायचं म्हणून हटून बसलेली. त्या वर्षी आवडीच्या कॉलेजांची यादी इंटरनेटवर क्रमानं भरायची आणि शेवटी पक्कं करायचं बटण दाबायचं, अशी पद्धत होती. बटण दाबलं नाही तर यादी नाही, यादी नाही तर प्रवेश नाही. मुदत एक ऑगस्टला संध्याकाळी पाचपर्यंत. रजनी आणि तिचे वडील आले एकतीस जुलैला. जातीचा दाखला त्याच सकाळी तहसीलमधून हाती पडला होता.

एकतीस तारीख, विषम. फळ्यावर ‘आज लहाना’.

मी तिची यादी भरली. नऊ कॉलेजं. ती प्रत्येक नाव माझ्याबरोबर पुटपुटत होती. मागे सर तिच्या वडिलांना मोठा आणि लहाना समजावून सांगत होते, आणि ते टोपी मांडीवर ठेवून मन लावून ऐकत होते. “म्हंजे सावकारासारखं म्हना ना,” असं काहीतरी ते म्हणाले, आणि सर आनंदानं म्हणाले, “बरोबर पकडलं तुमी!”

त्याच वेळी मला पानाच्या तळाशी एक ओळ दिसली. इंग्रजीत, बारीक, करड्या अक्षरांत. हे संकेतस्थळ फक्त अमुक ब्राउझरमध्येच चालेल. अमुक म्हणजे मोठा.

ती ओळ त्या खोलीत वाचू शकणारी मी एकटी होते असं नाही, पण वाचली मी एकटीनं. सर रंगात आले होते. त्या वडिलांसमोर त्यांना थांबवून म्हणायचं की सर, तुमचा लहाना इथं चालत नाही. वाक्य मी मनात तीनदा जुळवलं. मग बटण दाबलं. पान पांढरं झालं, क्षणभर तसंच राहिलं, आणि पहिलं पान परत आलं. चूक झाल्याचं लाल अक्षर कुठेही आलं नाही.

रजनीनं विचारलं, “झालं का, मॅडम?”

“झालं,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आठलाच सेंटरवर गेले, तिचा अर्ज क्रमांक टाकून पाहिला. यादी पक्की केलेली नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं. बटण पुन्हा दाबायला तिचा पासवर्ड लागणार होता, आणि तो तिच्याच डोक्यात. सर आले. त्यांनी नेहमीसारखा खडू उचलला आणि फळ्यावर ‘१ ऑगस्ट’ लिहिलं. खाली ‘आज ल’ इथपर्यंत आले असतील.

“सर, रजनीचा फॉर्म गेलेला नाही.”

“गेला नाई म्हंजे? तुमी तर झालं म्हनलं.”

“तो लहान्यामध्ये जात नाही. खाली बारीक लिहिलं होतं.”

खडू फळ्यावर तसाच टेकलेला. “तुमाले दिसलं होतं?”

“हो.”

“मग बोलल्या काऊन नाई?”

ते ओरडले असते तर मला रडता आलं असतं. ते खरंच विचारत होते.  उत्तराचं ते वाक्य मला आजही नीट बनवता येत नाही.

त्यांनी रोहण्याच्या टेलिफोन बूथवर तीनदा फोन लावला. घंटी वाजत राहिली. मग त्यांनी स्कूटरची किल्ली घेतली. बारा ते चार भारनियमन होतं; बाराच्या आत परतणं जमलं नाही, तर चारनंतर हाताशी एकच तास. दारात वळून ते म्हणाले, “लाइट आली का ते उघडून ठेवजा.” ते म्हणजे निळं अक्षर. नाव नाहीच घेतलं.

अडीच वाजता स्कूटरवरून तिघं उतरले. रजनीच्या सलवारीवर गुडघ्यापर्यंत चिखल होता. ती शेतावरून उठून आली होती; ती कोणाच्या शेतावर आहे हे शोधण्यातच सरांची सकाळ गेली होती. जिना चढून ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली.

“मॅडम, तुमी झालं म्हनलं होतं.”

“हो.”

“मी विचारलं होतं तुमाले.”

“हो.”

तिचे वडील म्हणाले, “राहू दे वं पोरी.” पण ती राहू देणारी नव्हती. ती सरांकडे वळली. “अन् सर, त्या दोघायच्या भांडनात माहा फॉर्म काऊन घातला तुमी? मले का करायचं हाये त्यायचं?”

सर खुर्चीत बसले होते. त्यांचे अंगठे थांबले होते. “काईच नाई, बेटा,” ते म्हणाले. “तुले काईच नाई करायचं.”

दीड तास आम्ही चौघं बंद पंख्याखाली बसलो. चहावाला आला. कोणाचा दिवस होता कोण जाणे, सरांनी विचारलं नाही, कप घेतला. बाहेर बाजारात एका माणसानं रताळ्यांची गाडी लावली, रताळी विकून तो निघूनही गेला. मी तिला एकदाच म्हणाले, चूक माझी आहे, सरांची नाही. ती म्हणाली, “दोघायची हाये.” ते खरं होतं.

चारला सहा मिनिटं असताना पंखा फिरला. सर उठले. ते निळं अक्षर मी आणेन असं मला वाटलं होतं, पण तीन नंबरच्या मशीनसमोर ते स्वतः बसले. पडद्यावर निळं अक्षर त्यांनी परत आणलं आणि त्यावर माऊस दोनदा दाबला. पान उघडलं. सरळ, स्वच्छ, सगळी बटणं जागच्या जागी. त्यांनी खुर्ची रजनीला दिली आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून.

रजनीनं पासवर्ड स्वतः टाकला. एका बोटानं, न चुकता. या वेळी मी तिला प्रत्येक गोष्ट मोठ्यानं सांगत होते. तळाची बारीक ओळही वाचून दाखवली. बटण दाबलं. हिरव्या अक्षरांत आलं, यादी पक्की झाली. चार वाजून वीस मिनिटं. तिनं ते वाक्य तीनदा वाचलं, मला प्रिंट काढायला लावली, प्रिंटवर पुन्हा वाचलं, आणि तेव्हा कुठे वडिलांकडे बघून मान हलवली.

त्या दोघांना बस स्टँडवर सोडून सर परत आले. फळा पुसला नव्हता. ‘आज ल’ तसंच अर्धं होतं. त्याकडे बघत ते म्हणाले, “एकाधिकार असाच येते, मॅडम. कोनी बंदूक घेऊन नाई येत. कोन्या तरी पोरीचा फॉर्म अडते, अन् आपन स्वतःच्या हातानं दार उघडून देतो. द्याव लागते. नाई देनारा मूर्ख.” मग म्हणाले, “आज सकाळपर्यंत मीच होतो तो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या प्रवेशाच्या कार्यालयाला पोस्टकार्ड पाठवलं. तुमचा फॉर्म एकाच कंपनीच्या दारातून जातो, हे बरं नव्हे, दुसरंही दार करा. दर महिन्याला एक कार्ड जायचं. उत्तर कधी आलं नाही. रजनीला अमरावतीला प्रवेश मिळाला, यादीतल्या तिसऱ्या कॉलेजात. पेढे द्यायला तिचे वडील आले, ती आली नाही. मला ते बरोबरच वाटलं.

पुढच्या वर्षी मी पुण्याला नोकरीला लागले. इंटरनेटवरचे फॉर्म बनवणारी कंपनी. बनवलेला फॉर्म लोकांच्या हाती जायच्या आधी तपासायचा, हे माझं काम. शांत काम आहे, फार बोलावं लागत नाही.

दोन-तीन वर्षांनी दिवाळीत आर्वीला गेले तेव्हा जिना चढले. कॉम्प्युटर सातचे बारा झाले होते. सरांचे केस सगळे पांढरे. फळा तोच, आणि तारीख विषम होती. ‘आज लहाना’. त्याच्याखाली एक नवी ओळ होती, खडूनं नाही, पांढऱ्या रंगानं, कायमची: ‘फॉर्म भरणाऱ्यास तारीख लागू नाही.’

मी सवयीनं तीन नंबरवर बसले. काहीतरी शोधायला गेले आणि थबकले. इंटरनेटवर काहीही शोधायचं झालं तर सगळं जग तोवर एकाच कंपनीच्या पानावर जाऊन शोधत होतं. सुरुवातीला ती कंपनीही दुबळीच होती. पण इथं उघडलं होतं वेगळंच पान, त्याच वर्षी निघालेलं. आणि ते काढलं होतं, दुसऱ्या कोणी नाही, मोठ्यानं. सरांच्या जन्माच्या वैऱ्यानं.

“सर, हा तर मोठा आहे!”

“होता. शोधाच्या धंद्यात तो लहाना हाये आता.” ते बंडीच्या खिशात हात घालून माझ्या मागे उभे होते. “नवा हाये, कच्चा हाये, पाह्यजे ते सापडत नाई त्यात. जरा सांभाळून घ्या.”

मला हसू आलं, आणि ते थांबेना. ते कोणाच्या बाजूचे कधी नव्हतेच. एवढी वर्षं ते काट्याचं वर गेलेलं पारडं तेवढं खाली दाबून धरत होते, ते कोणाचं का असेना.

मग काकूंनी पाठवलेला चिवडा खाता खाता मी त्यांना ऑफिसातली गोष्ट सांगितली. एका मोठ्या गिऱ्हाइकाचा फॉर्म मी तपासला, तर तो लहान्यामध्ये अडत होता. शेवटचं बटण चालत नव्हतं, पान नुसतं पांढरं व्हायचं. मीटिंगमध्ये आमचे साहेब म्हणाले, सोडून द्या, तो वापरतं कोण? मी म्हणाले, आर्वीत वापरतात, विषम तारखेला. सगळे हसले. माझे कान तापले. पण मग मी त्यांना एका मुलीची गोष्ट सांगितली, पाणी प्यायला न उठता.

सर ऐकत होते. कापूस अंगठ्यांत धरलेला, ओढायचा राहिलेला.

“मग दुरुस्त केलं का त्यायनं?”

“केलं.”

“किती दिवस लागले?”

“दोन.”

त्यांचा चेहरा खुलला. “म्हंजे एक सम, एक विषम. बरोबर वाटनी झाली.”

“नाही सर,” मी म्हणाले. “एकतीस आणि एक.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग असे हसले की खालच्या दुकानदारानं साडीची घडी हातात तशीच धरून वर पाहिलं.

“दोन्ही लहान्याचे!”